किती भाषा येतात तुम्हाला?

भाषाविज्ञानात एमए केलंय म्हटलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: "मग किती भाषा येतात?" हल्ली मुलीला कुठे घालावं म्हणून विचारायला येणारे पालकही सुरुवात इथूनच करतात.

येतात तीन, त्यातली कन्नड बाजारापुरती. आणि एमएच्या दोन वर्षांत त्यात चौथीची भर पडली नाही. तिथे भाषा शिकवत नाहीत. बोलणारा न शिकता जे नियम बिनचूक पाळतो, ते शोधून कागदावर मांडायला शिकवतात.

आपल्याच गल्लीतलं घ्या. "उद्या येतो म्हणून सांगितला" असं इथे सर्रास म्हणतात. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात हेच "रेपु वस्तानु अनि चेप्पाडु". कन्नडमध्ये "नाळे बर्तीनि अंत हेळिद". शब्दाखाली शब्द ठेवा, क्रम तोच. आमच्याकडे 'म्हणून', त्यांच्याकडे 'अनि' आणि 'अंत', शेजारच्या दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत, 'बोलके'. चारही 'बोलणे-म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदांतून आलेले. हिंदीत मात्र "उसने कहा कि", म्हणजे जोडणारा शब्द आधी. मराठी आणि दखनी एका कुळातल्या, तेलुगू-कन्नड दुसऱ्या, तरी वाक्याची घडण एक कशी? भाषाशास्त्रज्ञ एमिनो यांनी १९५६ साली भारत हा एक 'भाषिक प्रदेश' आहे, म्हणजे इथल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या झाल्यात, असं मांडलं ते अशाच गोष्टींवरून. १९७१ साली गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर लिहिलं: मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे शेजारी, शब्द वेगळे, पण व्याकरण जवळपास एकच झालेलं. आपल्या साखर पेठेत बसूनही असं काम करता येईल, आणि ते अजून पुष्कळ शिल्लक आहे असं मला वाटतं.

पण कोर्स म्हणजे नुसती अशी गंमत नव्हे. ध्वनिविचारात जीभ कुठे टेकते ते तासन्‌तास तपासायचं, वाक्यविचारात वाक्याची रचना दाखवणाऱ्या फांद्याफांद्यांच्या आकृत्या, म्हणजे वाक्यांची झाडं, काढायची. कवितेच्या ओढीने आलेले पहिल्या सत्रातच वैतागतात; गणितवाले रमतात. दुसऱ्याचं शुद्धलेखन सुधारण्याची खाज असेल तर येऊच नका. इथे 'अशुद्ध' असं काही नसतं, नोंदवण्यासारखं असतं.

नोकरीचं म्हणाल, तर नेट परीक्षा देऊन प्राध्यापकी, कोशाचं काम, नाहीतर बोलणं ओळखणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या. शेवटच्या वाटेला थोडं प्रोग्रॅमिंग लागतं, ते आधीपासूनच शिकायला घ्या. पदवी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची चालते. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, हैदराबादला उस्मानिया; सोलापूरहून दोन्हीकडे थेट गाडी. वसतिगृहाचं तेवढं आधी विचारून घ्या.