बारा तवे, बारा भोवरे: पाचव्या आठवड्याची नोंद

तवे बसले एकदाचे. भाकरीचेच तवे, लोखंडी, मंगळवार बाजारातून उचललेले. मागच्या नोंदीपर्यंत नुसता मागाचा सांगाडा उभा होता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो: लोकांनी स्वतः भोवरे फिरवून बघावेत अशी एक मांडणी करतोय. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या एका मित्राची यंत्रमागाची शेड बंद आहे. तिथल्या एका जुन्या मागावर घोट्यापासून कमरेपर्यंत कमीजास्त उंचीवर बारा तवे, आणि प्रत्येकाशेजारी जाळीसकट, म्हणजे गुंडाळायच्या दोरीसकट, एक भोवरा टांगलेला. आलेल्या माणसानं जाळी गुंडाळायची आणि भोवरा तव्यात सोडायचा. एवढंच. मोटार लावून सगळे एकदम फिरव, असं दोघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. फिरणारी चकती बघायला लोक उभे राहतील, पण हाताला बसलेला झटका त्यांना कुठून मिळणार?

तवाच का? तो किंचित खोलगट असतो, त्यामुळे कुठूनही टाकला तरी भोवरा घरंगळत मध्यावर येतो. शहाबादी फरशीवर आर, म्हणजे भोवऱ्याचं खालचं लोखंडी टोक, अडकून भोवरा उडायचा. शिवाय लोखंडावर लोखंड घासून एक बारीक गुणगुण निघते, आणि लहानमोठ्या तव्यांचे सूर वेगळे लागतात. हे मी ठरवलं नव्हतं, आयतं मिळालं.

भोवऱ्यांचा दांडा म्हणजे मागावरच्या जुन्या लाकडी कांड्या, ज्यांवर सूत गुंडाळतात त्या. कांडीचं भोक बरोबर मध्यातून जातं, त्यात लाकडाची खुंटी ठोकून खिळा मारला की आर आपोआप मध्यावर येते. त्यावर सात सेंटीमीटरची प्लायवूडची चकती. पहिले चार भोवरे मात्र वाया गेले. चकती तीन इंच वर बसवली होती, भोवरा दोन डुलक्या घेऊन आडवा व्हायचा. वजन जितकं खाली तितका तोल टिकतो. दीड इंचावर आणली आणि पाऊण मिनिट उभा राहिला.

आता रंग. चादरीच्या कारखान्यातलं उरलंसुरलं सूत चकतीवर फेव्हिकॉलनं चिकटवतोय, केंद्राकडून कडेकडे, एकेक धागा दाबत. एका चकतीला दोन संध्याकाळ जातात. अर्धी पिवळी, अर्धी निळी केली, हिरवी दिसेल म्हणून. फिरवली तर राखाडी! मी सूत बदलून बघितलं, पुन्हा राखाडीच. रंगाच्या डब्यात पिवळा-निळा कालवला की हिरवा होतो, कारण एकेक रंग आपापला प्रकाश गिळतो आणि दोघांनी न गिळलेला हिरवा उरतो. भोवऱ्यावर तसं काही होत नाही. डोळ्यापर्यंत दोघांचा प्रकाश आळीपाळीनं येतो आणि त्याची सरासरी दिसते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८५५ च्या सुमारास रंगीत कागद लावलेले भोवरे फिरवूनच हे मोजलं होतं. त्याची युक्ती उचलण्यासारखी आहे: कागदाच्या गोल चकत्यांना कडेपासून मध्यापर्यंत चीर द्यायची आणि एकमेकींत अडकवायच्या. मग कोणता रंग किती दिसावा हे सरकवून ठरवता येतं. सूत चिकटवण्याआधी मी आता हेच करतो. लाल-हिरव्याचा मळकट पिवळा मला फार आवडलाय, तो एका भोवऱ्यावर पक्का.

फोनवर सेकंदाला २४० चित्रांनी टिपून वेग मोजला. चकतीवरचा खडूचा ठिपका बारा चित्रांत परत येतो, म्हणजे सेकंदाला वीस फेरे. अर्धी-अर्धी चकती या वेगातही लुकलुकते. त्याच दोन रंगांच्या चार जोड्या केल्या की डोळ्यापुढे सेकंदाला ऐंशी आवर्तनं येतात आणि रंग एकजीव होतो. शेवटी वेग आठ फेऱ्यांवर उतरला की तो पुन्हा थरथरायला लागतो आणि धागे सुटे दिसू लागतात. तो क्षण या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जवळचा आहे.

रविवारी गल्लीतली पाच पोरं बोलावली. चौघांना जाळी गुंडाळताच येईना. सैल वेढे, आरेवरून घसरायचे. शेजारचे अण्णा दारात उभे होते. आयुष्यभर मागावर काम केलेला माणूस.

"काय करालास रे हे?"

"भोवरे, अण्णा."

"बोंगरम," ते म्हणाले, आणि माझ्या हातातून घेतला. आमच्या लहानपणी एकाच रिंगणात मराठी भोवरा, तेलुगू बोंगरम आणि कन्नड बुगुरी असे तिन्ही शब्द चालायचे, ज्याच्या घरी जी भाषा त्याचा तो. अण्णांनी जाळीचं टोक जिभेवर ओलं केलं, आरेजवळचे पहिले दोन वेढे अंगठ्यानं घट्ट दाबले, मग बाकीचे सरसर चढवले. टाकला तो थेट तव्याच्या मध्यावर. पोरं खाली बसून बघत राहिली, एक तर तव्याला कान लावून.

तेव्हा बदल असा: जाळ्या आता सहापदरी सुताच्या, जरा खरबरीत. टोकाला बोटात अडकवायला सोड्याच्या बाटलीचं चेपलेलं बूच, आम्ही लावायचो तसंच. शेजारी पाण्याची एक वाटी. आणि पहिला तवा शिकण्याचा, त्यावरचा भोवरा जाड आणि बिनरंगाचा.

सात भोवरे तयार, पाच बाकी. आठव्याचं सूत अजून वाळतंय. तव्यांना गंज चढू नये म्हणून काय लावता, कुणी सांगेल का? तेल लावलं की आर घसरते.