जर्मन सूर

रात्रीचे सव्वादहा वाजले होते, खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि जेवता जेवता माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा वाजून गेले की!"

सगळ्यांचे घास थांबले. मग भाचा जो हसायला लागला तो थांबेचना. "मामा, दहा वाजले म्हणून डॉल्बी काय झोपायला जातोय व्हय?" आईनं मुकाट्यानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. पोराला तिकडं काहीतरी झालंय, खाऊ दे, असा तिचा चेहरा. बाहेर पेठेतल्या मंडळाचा गणपती येत होता. मी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर कोल्हापुरात आलोय आणि ह्या वेळी मुद्दाम गणपती गाठलाय. तरीही मी घड्याळ बघितलं. चार वर्षांत जर्मनीतल्या स्टुटगार्टनं माझं काय करून ठेवलंय ते मला त्या घासाला कळलं.

गंमत अशी की कायदा दोन्हीकडं एकाच घड्याळावर चालतो. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद असंच लिहिलंय. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देता येते, बस्स. तिकडची रात्रीची शांतताही 10 ते 6. पण तिकडं ती फक्त सुरुवात असते.

म्हणजे बघा. आमच्या इमारतीच्या नियमावलीत दुपारी 1 ते 3 वेगळी शांतता. रविवार तर आख्खा शांततेचा. रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण बाटली फुटल्याचा आवाज होतो. पहिल्या वर्षी मी एका रविवारी लोणच्याची बरणी टाकायला गेलो, तर समोरच्या गॅलरीतला माणूस काहीएक न बोलता नुसता बघत राहिला. मी बरणी परत घरी आणली. शिवाय जिन्याची झाडलोट पाळीपाळीनं. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि ती पाटी लटकत असताना पायरीवर पान दिसलं की खालच्या आजी ते उचलत नाहीत, तुम्हाला दाखवतात. आणि ज्या रविवारी मी बरणी टाकू शकत नाही, त्याच रविवारी सकाळी चर्चची घंटा मात्र पाव तास धडाधड वाजते. ती चालते! ह्यावर मी एकदा ऑफिसात फार तावातावानं बोललो. सहकारी म्हणाला, "पण ती घंटा आहे." मी म्हटलं, आमच्याकडंही असंच म्हणतात, पण तो गणपती आहे. त्याला हसू आलं नाही.

तर ह्या असल्या घरात मी आमच्या आजोबांची, म्हणजे आबांची, पेटी घेऊन राहतो.

पेटी म्हणजे सामानसुमानाची नव्हे, वाजवायची. आबा पेठेतल्या भजनी मंडळात ती वाजवायचे. ते गेल्यावर ती माळ्यावर गेली आणि दोन वर्षांपूर्वी मी ती आईच्या गोधडीत गुंडाळून विमानानं नेली. नेताना मनात एकच डौल होता. ह्या पेटीत जर्मन सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या जिभा, आहेत, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलोय. पाहुणे आले की आबा भाता धरून सांगायचे, "सूर जर्मन आहेत, बरं का." ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांनाही एवढं कळायचं की हे काहीतरी मोठं आहे. मुळात हे वाद्यच परदेशी. 1842 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट झालं, ते पायानं वारा भरायचं. बैठकीतलं हाताच्या भात्याचं रूप त्याला आपल्याकडं मिळालं. पुढं 1940 ते 1971 आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, कारण काय तर तिला श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर नाहीत, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं नाही. आबांचा त्यावर फार राग. हे पेटीवाल्या गोविंदराव टेंब्यांचं गाव आहे, इथं पेटीला नावं ठेवायची नाहीत, म्हणायचे. तेव्हा पेटीला गप्प बसवणारी माणसं आमच्या घराला काही नवीन नाहीत.

मी काही वादक नाही, हे आधीच सांगून टाकतो. अभंगाला साथ करता येते, दोनचार नाट्यपदं वाजतात, भूप आणि यमन एवढेच राग अंगावर बसलेत. कोल्हापुरात होतो तेव्हा गायन समाज देवल क्लबला मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं, पण स्वतः पेटी आठवड्यातून एकदा हाती घेतली तर घेतली. कारण वाजवायला कुणाची आडकाठीच नव्हती.

8 ऑगस्ट 2024 ला संध्याकाळी ऑफिसातून घरी पोचलो आणि मोबाइलवर केशवराव भोसले नाट्यगृह जळताना दिसलं. एकामागून एक व्हिडिओ. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग मैदान. आबांचा हात धरून पहिलं नाटक मी तिथं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथं कुणाशी बोलायचं? बायको रात्रपाळीला दवाखान्यात. मी पेटी काढली आणि वाजवत बसलो. किती वाजले ते बघितलंच नाही. रडलो वगैरे नाही, नुसता वाजवत होतो, तेही फारसं बरं नव्हे.

सकाळी दाराखालून आत सरकवलेला कागद. सुरुवात "प्रिय शेजारी" अशी. काल रात्री 11 वाजून 40 मिनिटांपर्यंत आपल्याकडून संगीत ऐकू येत होतं, नियमावलीची प्रत सोबत जोडली आहे, शुभेच्छांसह, खाली आजींची सही. एकही शब्द वाकडा नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आमच्या पेठेत समोरच्या काकूंनी गॅलरीतून ओरडून सांगितलं असतं, "अरे पोरा, जरा दमानं घे की!" आणि सकाळी वर विचारलंही असतं, काल का वाजवत होतास एवढा? तिकडं मिनिटं मोजली, वाजवण्याचं कारण कुणी विचारलं नाही. दोन दिवस मी जिन्यात आजींना नमस्कार केला नाही. पुढं स्वतःच गेलो, माफी मागितली, आणि थिएटर जळल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाईट झालं. पण दहाच्या आधी वाजवा."

ऑफिसातल्या त्याच घंटावाल्या सहकाऱ्यानं मग एक उपयोगाची गोष्ट सांगितली. एका ट्रम्पेटवाल्यावर त्याच्या शेजाऱ्यांनी खटला भरला होता. 2018 साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं निकाल दिला की घरात वाद्य वाजवणं हा घराच्या नेहमीच्या वापराचाच भाग आहे, ते सरसकट बंद करता येत नाही. अंदाज म्हणून कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि रविवारी एक ते दोन तास ठीक. मी तो निकाल छापून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवला. माझ्या हक्काचे तास! आणि हक्काचे म्हटल्यावर ते फुकट घालवायचे कसे? तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ मी बसतो. पलटे, अलंकार, सगळं. यमनाच्या जोडीला आता बिहाग थोडा थोडा हातात येतोय. "परत कधी येणार?" म्हणून जे विचारतात त्यांना मी हे सांगत नाही, पण इथं राहिलो असतो तर पेटी अजून माळ्यावरच असती. आता ह्याला कुणी मनाची समजूत म्हणालं तर म्हणू दे.

जानेवारीत पेटीनं दम टाकायला सुरुवात केली. कोल्हापुरात तिचं दुखणं उलटं असायचं, श्रावणात लाकूड फुगून पट्ट्या अडकायच्या आणि आबा शेजारी बारका दिवा लावून ठेवायचे. स्टुटगार्टात हीटरच्या कोरड्या हवेनं लाकूड आक्रसलं. भाता मारावा तेवढी हवा कुठूनतरी जायची, आणि मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, दोन सूर उशिरा बोलायला लागले. हीटरवर पाण्याचं भांडं ठेवून बघितलं. शेवटी ट्रोसिंगेन नावाच्या गावाकडं निघालो. 1857 साली मथियास होनर नावाच्या घड्याळजीनं तिथं माउथऑर्गन बनवायला घेतले, आणि पुढं सगळं गाव त्याच्यावर जगलं. माउथऑर्गन, अकॉर्डियन आणि आपली पेटी, तिघांचं पोट एकच: वाऱ्यानं थरथरणारी धातूची जीभ. तिकडच्याच एका अकॉर्डियन दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता मिळाला होता. खरं सांगू? भात्याची गळती हे निमित्त. मला कुणा जर्मनाच्या तोंडून ऐकायचं होतं की हे सूर आमचे आहेत.

माणूस साठीचा, कमी बोलणारा. पेटी उघडून त्यानं सुरांची फळी बाहेर काढली आणि दिव्याखाली धरली. अकॉर्डियनच्या जिभा पोलादी असतात. ह्या पितळेच्या, पितळी पट्टीवर. त्यानं एकेक सूर बोटानं चाचपला. मी न राहवून म्हणालो, "हे जर्मन आहेत." तो बराच वेळ गप्प. मग भिंग घेतलं. "सगळे एका ठिकाणचे नाहीत," म्हणाला. "हे सूर जुने. हे बारा-पंधरा वेगळ्या हातचे, कापणी वेगळी आहे. आणि हे काय लिहिलंय?" पट्टीवर दाभणानं कोरल्यासारखी बारकी अक्षरं होती. मी वाचली. रे. ध. नि. मराठीत. माझा चेहरा पडलेला त्याला दिसला असावा, कारण तो पुढं काही बोलला नाही.

गळती त्यानं तासाभरात काढली. मग सूर तपासायचं यंत्र लावून एकेक पट्टी दाबत गेला आणि गंधारावर थांबला. "हा उतरलेला आहे. चौदा सेंट. चढवू?" सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. सूर चढवायचा तर जिभेचं टोक घासतात, उतरवायचा तर बूड, त्याच्या हातात कानस तयारच होती. मी जवळजवळ ओरडलोच. नको! तो उतरलेला नाही, तो तसाच लावलाय. षड्जाशी, म्हणजे सा शी, जुळवून, कानानं. त्यानं माझ्याकडं बघितलं, यंत्र बाजूला ठेवलं, आणि सा आणि ग एकदम दाबून भाता सोडला. त्याच्या यंत्राच्या हिशेबातला गंधार सा बरोबर धरला की दोन्ही मिळून कापरं भरल्यासारखं हलतात. हे हलले नाहीत. दोन सूर एकात एक बसले आणि खोलीभर नुसता सरळ आवाज राहिला. त्यानं परत दाबले. मान तिरकी करून ऐकत राहिला. मग कानस खणात टाकली आणि म्हणाला, "ज्यानं लावलंय त्याला कान आहे."

मग मला वाजवायला लावलं. यमन वाजवला, वीस मिनिटं तरी. दुपारचा दीड वाजला होता. मी म्हटलं, शांततेची वेळ आहे. तो म्हणाला, "माझं वर्कशॉप आहे." पैसे चाळीस युरो घेतले आणि पावती दिली.

परत येताना ट्रेनमध्ये पेटी शेजारच्या सीटवर. श्रुती नाहीत म्हणून जिला तीस वर्षं रेडिओबाहेर बसवली, तिच्यातला गंधार एका परक्या माणसानं कानानं मान्य केला होता, ह्याचा मला फार आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण वडिलांना, आण्णांना, काय सांगायचं? आबांच्या पेटीत जर्मन सूर नाहीत, असले तर अर्धेच? मी फोनवर सांगितलं, पेटी दुरुस्त झाली. बाकी काही नाही. आण्णांनीही विचारलं नाही.

तर परवा जेवताना मी घड्याळ बघितलं त्या रात्री डॉल्बी महाद्वार रोडकडं वळल्यावर काचा शांत झाल्या आणि आण्णा हात धुऊन येऊन बसले. "मग, काय म्हणला त्यो जर्मन?"

"कोण?"

"पेटीवाला. सूर बघितले का न्हाईत त्यानं?"

टाळता येईना. सांगितलं सगळं. बारा-पंधरा वेगळे, मराठी अक्षरं, यंत्रावर उतरलेला गंधार. आण्णा ऐकता ऐकता पुढं सरकत होते. मला वाटलं आता चिडणार.

"ओळखलं म्हण की त्यानं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "मी अकरावीत हुतो. सूर गेले हुते पाण्यानं. पेटी मांडीवर घिऊन यस्टीनं मिरजंला नेलीया मी. आबा म्हणले, बदलून आण, पण कुणाला सांगायचं न्हाई. चाळीस वर्सं इथं एकाला कळलं न्हाई बघ."

"मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"बघावं म्हटलं, त्याला कळतंय का." परत हसले. "भारी माणूस हाय. आन् गंधाराला हात न्हाई लावला न्हवं?"

"नाही."

"मग बरं." आणि त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, सोलकढी आण, ह्याला अजून भूक आहे.