अंगणातला कोबा फोडला, त्याचा हिशोब

आमच्या साताऱ्याच्या जुन्या घराचं मागचं अंगण गेल्या पावसाळ्याआधी फोडलं. कारण सांगायला पण लाज वाटते, पाणी स्वयंपाकघरात यायचं. म्हणजे अंगण उंबऱ्याच्या वर गेलेलं. दर दहा-पंधरा वर्षांनी घरात काही कार्य निघालं की आण्णा जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकून घ्यायचे, आत्याच्या लग्नाचा एक थर, माझ्या मुंजीचा एक थर, असं करत करत अंगण वर आलं आणि घर खाली गेलं.

मुकादम बघायला आला, गटाराच्या कडेला उकिडवा बसला, बोटाने जाडी मोजली आणि म्हणाला "तीन इंच हाय दादा, छोट्या हत्तीच्या दोन खेपात उरकतंय, चार हजार द्या." (छोटा हत्ती म्हणजे तो लहान मालवाहू टेम्पो.) आण्णा खूश. मी पण झालो असतो, पण आकडा फारच गोड वाटला म्हणून रात्री कागद घेऊन बसलो.

अंगण २० फूट बाय १५ फूट, ३०० चौरस फूट. तीन इंच म्हणजे पाव फूट, म्हणजे ७५ घनफूट. आता साधं काँक्रीट घनमीटरला २४०० किलो धरतात (सळई असलेलं २५००), आणि घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट, म्हणजे एका घनफुटाचे जवळपास ६८ किलो. एवढा एक आकडा पाठ करून ठेवा, बाकी सगळं तोंडी होतं. ७५ गुणिले ६८, पाच टनाच्या वर! छोटा हत्ती नेतो साधारण पाऊण टन. म्हणजे मुकादमाच्याच मापाने सात खेपा, आणि हा दोन म्हणतोय.

बरं तीन इंच तरी खरं का? दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्लंबरकडून लांब बिटाचं ड्रिल आणलं आणि चार ठिकाणी भोकं पाडली. बिट माती लागली की एकदम सुळकन आत जातं, तिथे थांबायचं आणि बिटावर खूण करून मोजायचं. गटाराशी ३ इंच, मधोमध ५, तुळशीजवळ साडेपाच, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी साडेसहा!! सरासरी ५. लांबी-रुंदी टेपने कोणीही मोजतं हो, पण जाडी सगळे कडेला बघून ठोकून देतात आणि कोबा कडेलाच पातळ असतो कारण तिथे पाण्याला उतार दिलेला असतो. दोन इंचाचा फरक ऐकायला काहीच नाही, इथे त्याचं वजन निघालं ३४०० किलो.

तर १२५ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास (शंभर घनफुटाचा एक ब्रास), साडेआठ टन. आण्णा म्हणे एवढं कसं असेल, आपण काय धरण बांधलंय का.

आणि फोडल्यावर ते फुगतं. वजन तेवढंच राहतं पण तुकड्यांमध्ये हवा शिरते, दीडपट तरी धरायचं, म्हणजे सव्वा ब्रासचा जवळजवळ १९० घनफूट राडारोडा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास बसतो, म्हणून मी दोन खेपा धरल्या होत्या, पण ट्रॅक्टरवाला म्हणाला आमच्या आळीच्या चढाला एवढं भरून नेत नाही, म्हणून तीन झाल्या. हे मला कागदावर सुचलं नव्हतं.

दुसरं न सुचलेलं म्हणजे बोळ. ट्रॉली पुढच्या दाराशी, अंगण मागे, मधे अडीच फुटाचा बोळ ६० फूट लांब. घमेल्यात २० किलोच्या वर कोणी दिवसभर वाहू शकत नाही (शिगोशीग भरलेलं उचलून बघा एकदा), म्हणजे ४२५ फेऱ्या. जाऊन येऊन १२० फूट. गुणाकार केला तर साडेपंधरा किलोमीटर, त्यातलं अर्धं डोक्यावर ओझं घेऊन! फोडायचं काम दीड दिवसात झालं, वाहायला तीन दिवस गेले. पैसे फोडण्याचे लागतात असं आपल्याला वाटतं, पण ब्रेकरचा आवाज मोठा असतो म्हणून तसं वाटतं, खरा खर्च गपचूप बोळातून जातो.

आमचा खर्च असा झाला: ब्रेकर मशीनचं भाडं दोन दिवसाचं २४००, चालवणारा २४००, दोन गडी तीन दिवस ४८००, ट्रॉलीच्या तीन खेपा ४५००. एकूण १४,१००, चहा-वडापाव वेगळा. घनफुटाला ११३ रुपये पडले. तुमच्याकडे गाडी थेट अंगणात येत असेल तर बरंच कमी येईल आणि तिसऱ्या मजल्यावरची गच्ची असेल तर देव तुमचं भलं करो. मुकादमाला चार हजारात दिलं असतं तर काय झालं असतं हे मला माहितीय, दुसऱ्या दिवशी अर्धं अंगण फोडून "दादा हे जास्त निघालंय" म्हणून गडी बसून राहिले असते. तो फसवत होता असं नाही म्हणत मी, त्यानं खरंच बोटानं मोजलं होतं.

राडारोडा ओढ्यात नाही टाकला. चुलत्यांच्या शेताच्या वाटेला पावसात चाक रुततं, तिन्ही खेपा तिकडे गेल्या, मोठे तुकडे घणाने बारीक करून पसरले, वरून मुरूम. धुण्याच्या कट्ट्याखाली थोडी आठ एमएमची सळई सापडली, ती भंगारवाल्यानं नेली. मीटरला चारशे ग्रॅम भरते, त्यामुळे त्यातून वडापावचे पण पैसे सुटले नाहीत.

आता पाणी आत येत नाही. फक्त उंबरा एकदम उंच झालाय आणि आईचे गुडघे दुखतात, ती म्हणते दाराशी एक पायरी बांधून द्या. तीन फूट बाय एक फूट, पाच इंच उंच. ८५ किलो.