तुम्ही विचारलंत म्हणून: सोफीच का?

सोफी या शिल्पावर माझं बोलून झालं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे दक्षिण आफ्रिकेतलं झालं. तुमच्या आईनंही धुणीभांडी केली ना? मग आईवर काही का करत नाही?" दरवेळी मी "बघू" म्हणून वेळ मारून नेते. आज सांगते.

सोफी ही मेरी सिबांडेनं, १९८२ साली जन्मलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या शिल्पकर्तीनं, घडवलेलं स्वतःचंच दुसरं रूप, पुतळ्यांतली आणि फोटोंतली बाई. मेरीची पणजी, आजी, आई, तिघी गोऱ्यांच्या घरी राबल्या. अशा बायकांची खरी नावं उच्चारायचेही कष्ट मालकांना नकोत, म्हणून इंग्रजी नावं चिकटवली जायची. सोफी हे तसलंच नाव. मोलकरणीचा निळा गणवेश, पांढरा एप्रन, पण गणवेशाचा घेर वाढत वाढत राणीचा झगा झालेला. डोळे कायम मिटलेले. २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी जोहान्सबर्गच्या इमारतींवर तिचे अवाढव्य फोटो लागले होते.

आईवर तसंच एक शिल्प मीही केलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आईची कामावर जायची सुती साडी न विचारता उचलली. पदराला हळदीचा डाग, निऱ्यांपाशी आईनं घातलेले टाके. ती प्लास्टरच्या बाईला नेसवली, खाली जरीचा भलामोठा घोळ जोडला. नाव दिलं 'बाई', कारण त्या एका घरात आईला अठरा वर्षं तेवढंच म्हणत.

उद्घाटनाला आई आली. खाली बसली, बोटांनी काठ चाचपला. "ही शोधत होते गं मी. सोमवारी ओली साडी नेसून गेले कामाला." लोक बघत होते. त्यात तिच्या मालकीणबाईंची सूनही होती. तिनं हसत विचारलं, "बाई, या तुम्हीच का?"

आई म्हणाली, "नाही." चपला घालून एकटीच बसनं घरी गेली.

तेव्हा मी म्हणायचे, कष्टाला मान मिळाला, त्यात लपवायचं काय? ते आजही मला पुरतं खोटं वाटत नाही. पण मेरीनं साचा स्वतःच्या अंगावरून घेतला, सोफीचा चेहरा तिचाच आहे. मी आईला उभं केलं आणि खाली सही माझी. मग स्वतःचा साचा घे, म्हणाल. दोनदा घेतला. साडी नेसवायची वेळ आली की हात अडतो.

गेल्या दिवाळीत आईला सोफीचा फोटो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला. "एप्रनला खळ चांगली बसलीय," म्हणाली. मग फोन परत देताना, "माझी ती साडी अजून तुझ्याकडंच आहे ना?"