गंगावेशीतल्या म्हशीनं पान्हा चोरला तेव्हा

भाचा वीस वर्षांचा आहे, त्याला ट्रॅव्हल ब्लॉग सुरू करायचाय. मी गेली नऊ वर्षं प्रवासाबद्दल लिहितेय म्हणून दिवाळीपासून मागे लागला होता की मावशी, चांगलं कसं लिहायचं ते सांग ना. फोनवर सांगून काय डोंबल कळणार, म्हटलं चल, कोल्हापूरला जाऊ. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी कोल्हापूर. पहिला दिवस अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, खासबाग मैदान आणि भरपेट जेवण यात गेला. पांढऱ्या रश्श्याची वाटी अर्धी झाली की वाढणारा परत भरून जायचा, नको म्हटलेलं त्याला ऐकूच येत नव्हतं. त्यानंतर दोघंही लॉजवर पाच वाजेपर्यंत झोपलो.

लिहायचंय ते संध्याकाळचं.

गंगावेशीत दूध कट्टा आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे म्हशी रस्त्याच्या कडेला आणून उभ्या करतात, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि ते धारोष्ण दूध फेसासकट पेल्यात देतात. लोक उभ्या उभ्या पितात, ओठावरचा फेस हातानं पुसतात आणि घरी जातात. आम्ही गेलो तेव्हा पाच-सहा जण थांबले होते, त्यात तालमीतला एक पोरगा किटली घेऊन आलेला, कान मोडलेले, मान बैलासारखी, आणि एक नऊवारीतल्या आजी.

भाच्यानं फोन काढला. आणि हे मी कबूल करते की त्याला मीच म्हणाले, जवळून घे, धारेचा आवाज येऊ दे. तो खाली वाकला, अंधार होता म्हणून त्यानं फोनचा लाईट लावला, तो नेमका म्हशीच्या डोळ्यांवर पडला. तिनं पाय झाडला, कासंडी कलंडता कलंडता वाचली. धार काढणारे मामा दोन मिनिटं सड ओढत राहिले, मग उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "चोरला."

भाचा घाबरून म्हणाला, "काय चोरलं?"

"पान्हा. दूध वर वढून घेतलं तिनं. आता न्हाई द्याची लगेच."

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं ना. सगळी रांग आमच्यामुळे खोळंबली होती. घरी आल्यावर मी मुद्दाम वाचलं, जनावर घाबरलं की त्याच्या अंगात अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि पान्हा सुटायला जे ऑक्सिटोसिन लागतं त्याचं काम अडतं. कासेत दूध असतं पण ते खाली उतरत नाही. मामांना यातलं एक अक्षर सांगायची गरज नव्हती. ते तिच्या पाठीवर थाप मारत होते, कासेवरून हात फिरवत होते आणि तिच्याशी असं बोलत होते जसं रुसलेल्या लेकीशी बोलतात. आम्हाला एक शब्द वाईट बोलले नाहीत. भाच्यानं फोन खिशात टाकला आणि मी म्हटलं, आता आपण जायचं नाही, सगळ्यांना दूध मिळेपर्यंत इथेच थांबायचं.

अर्धा तास थांबलो. आणि खरं सांगू का, माझ्या नऊ वर्षांच्या लिखाणात नसेल इतकं त्या अर्ध्या तासात मिळालं. म्हशीच्या शिंगांवर रंग दिसत होता, तो दिवाळी पाडव्याचा. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, पायात चाळ, गळ्यात कवड्या, आणि मालक पुढे पळतो, म्हैस त्याच्या मागे पळते, हाका मारल्या की त्याच्याजवळ येऊन थांबते. मामा म्हणाले ही बी पळती, माझा आवाज लाखात वळखती. तालमीतला पोरगा मूळचा कोकणातला निघाला, घर सोडून चार वर्षं झाली. खासबागेत लढायचं हे त्याचं स्वप्न आहे. आम्ही दुपारी तेच मैदान दहा मिनिटांत बघून, शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ साल, एवढं टिपून निघालो होतो. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही वरनंच बघितलासा नव्हं? खाली मातीजवळ उभं ऱ्हायला पायजे." चार वर्षांत त्याची भाषा पक्की इथली झालीय. आणि आजी म्हणाल्या, "असूं दे पोरा, मी थांबतो. मी रोज येतो हितं." इथल्या बायका येतो, जातो, करतो असंच बोलतात, भाच्याला ते चुकीचं वाटलं, मी त्याला दटावलं की लिहिताना यातला काना-मात्रा बदलायचा नाही. आजी येते म्हणाल्या असं लिहिलंस तर ती आजी कोल्हापूरची उरत नाही.

मग म्हैस विरघळली. हे ऐकण्यासारखं असतं. रिकाम्या भांड्यात पहिली धार पडते तेव्हा चर्र चर्र असा पातळ, टणक आवाज येतो आणि जसजसं दूध भरत जातं तसा तो जाड होत होत शेवटी फेसात बुडाल्यासारखा घुम्म घुम्म येतो. भाचा डोळे मिटून ऐकत होता. आधी आजींचं झालं, मग किटली भरली, मग सगळ्यात शेवटी आमचे पेले. मामांनी पेला हातात देताना म्हटलं, "प्या आधी, फेस बसंल." कोमट, गोडसर, आणि म्हशीच्या अंगाचा किंचित वास असलेलं. मला तो वास आवडला. भाच्याला नाही आवडला, आणि त्यानं तसंच लिहावं असं मला वाटतं, सगळीकडे अप्रतिम अप्रतिम करत सुटायचं नाही.

रात्री लॉजवर (गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, गाद्या दगडासारख्या) त्याला मी ते सांगितलं जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मी किरणोत्सवाला आले होते. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. पण ढग असले, हवेत धूळ असली, वाटेतल्या इमारती आड आल्या की किरणं मध्येच विरतात. त्या दिवशी ती गरुड मंडप ओलांडून पितळी उंबऱ्यापर्यंत आली आणि ढगात गेली. मी मात्र घरी येऊन लिहिलं की देवीचा चेहरा सोन्यासारखा उजळला. फोटो पाहिले होते, वर्णनं वाचली होती, त्यावरून लिहिलं. तारखेचा उल्लेख नाही, कुठल्या दिवशी काय होतं याचा उल्लेख नाही. पुढच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू ते वाचून सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन गेल्या, ९ नोव्हेंबरला, चेहऱ्यावरची किरणं बघायला. पहिला दिवस, त्यात गर्दी, सासूबाईंना काहीच दिसलं नाही. काकू मला रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तू लिहिलं होतंस ना गं." सासूबाई आता नाहीत. ते वाक्य मी पोस्टमधून काढलं पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "मग उंबऱ्यापर्यंत आली होती तेच का नाही लिहिलंस? ते पण भारी आहे की." खरंच भारी होतं. शेकडो माणसं श्वास रोखून एका उंबऱ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. धुकं, मक्याचं कणीस, परत.

तिसऱ्या दिवशी चप्पल गल्लीत. तिथे एका छोट्या दुकानात कारागीर वेणी विणत बसले होते, भाचा त्यांच्यासमोर पायरीवर नुसता जाऊन बसला. फोन बाहेर काढला नाही. पाच मिनिटं कुणीच बोललं नाही, मग त्यांनीच सुरुवात केली. हा कान, हा अंगठा, हा गोंडा. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. आणि मग सहज म्हणाले की आमचं मेव्हणं अथणीचं, तेबी ह्याच धंद्यात. मी आजवर कोल्हापुरी म्हणजे फक्त कोल्हापूर असं धरून चालले होते. २०१९ साली जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन, ही वस्तू अमुक भागातलीच असं सांगणारी सरकारी नोंद) मिळाला तो महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, अथणी त्यातल्या बेळगावात येतं. कागदावरचे हे जिल्हे मला त्यांच्या मेव्हण्यामुळे कळले. भाच्यानं एक जोड घेतला, घासाघीस केली नाही. मी पण त्याला करू दिली नसती.

परतीच्या गाडीत त्यानं लिहायला घेतलं. मिरज गेल्यावर मला पहिला परिच्छेद वाचून दाखवला, त्यात होतं की म्हशीच्या शिंगांना गुलाबी रंग होता. मी म्हटलं गुलाबी? मला तर भगवा आठवतोय. तो म्हणाला नाही गं, गुलाबीच. मग म्हणाला, थांब. फोनमधला तो पाच सेकंदांचा व्हिडिओ काढला, त्यात लाईट पडून नुसते दोन चमकणारे डोळे, शिंगं फ्रेमच्या बाहेर. बराच वेळ दोघं आठवत बसलो. शेवटी त्यानं गुलाबी खोडलं आणि लिहिलं, शिंगांवर पाडव्याचा रंग अजून उरला होता.