गिअर ऑइल, नोंद ५: कारखान्यावरचा आळ मागे घेतोय

ओडोमीटर ६,८४० किमी.

मंडळी, आधी माफी. थंडीत सकाळी दुसरा गिअर अडायचा, म्हणून नोंद ३ मध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या नव्या गाडीत कारखान्यातूनच गिअर ऑइल कमी भरून आलंय. नोंद ४ मध्ये ६०० मिली भरल्यावर 'दुसरा गिअर आता लोण्यात सुरी जावी तसा पडतो' असंही लिहिलं होतं. दोन्ही खोटं निघालं. तेल पहिल्यापासून बरोबर होतं. चूक माझी, आणि ती पकडली शेजारच्या कंपाउंडची भिंत बांधणाऱ्या गवंड्याने.

झालं असं. एका मंगळवारी इगतपुरीहून नाशिकला परत आलो. सकाळी बघतो तर पार्किंगच्या फरशीवर पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग. रंग मधासारखा, आणि बोटाला लावून हुंगला तर तो ओळखीचा गंधकाचा वास. म्हणजे इंजिन ऑइल नाही, गिअर ऑइलच. जेमतेम सात हजार चाललेली गाडी आणि गिअरबॉक्स गळतोय, माझं तर डोकंच सुन्न झालं.

पहिला संशय डाव्या ड्राइव्हशाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलवर, म्हणजे तिथे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर. खाली वाकून टॉर्च मारला तर सीलच्या आसपास सगळं ओलं. पण गळतीत एक गंमत असते, तेल जिथे दिसतं तिथून गळतंच असं नाही. ते वरून ओघळत येतं, हवेने मागे पसरतं आणि भलत्याच जागी थेंब धरतं. म्हणून गिअरबॉक्सची डावी बाजू चिंधी आणि ब्रेक क्लीनरने कोरडीठाक पुसली, आणि आईचा टाल्कम पावडरचा डबा घेऊन सगळीकडे पावडर उडवली. आई मागे उभीच होती. "नवी गाडी आहे ना रे? मग तिला पावडर कशाला लावतोस?" उत्तर नव्हतं. पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आलो, पुन्हा टॉर्च मारला. सीलच्या वरच्या पावडरीत एक ओली रेघ उमटली होती. तिचा माग काढत वर गेलो तर ती थेट ब्रीदरच्या टोपीशी पोचली. सील बिचारं निर्दोष.

ज्यांना ब्रीदर माहीत नाही त्यांच्यासाठी: गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वर एक बारीक तोंड ठेवलेलं असतं. त्यातून हवा यायला हवी, तेल नाही. तेल येतंय म्हणजे बहुतेक वेळा आत ते जास्त झालंय. गिअर ते घुसळतात, फेस होतो, फेस वर चढतो आणि ब्रीदरमधून थुंकला जातो.

आता इथे माझी मती गुंग. जास्त होईलच कसं? मॅन्युअल बॉक्सला डिपस्टिक नसते, लेव्हल हीच की फिलर प्लगच्या (तेल भरायच्या बुचाच्या) भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल हवं. मी तसंच केलं होतं. डावं पुढचं चाक जॅकवर घेतलं, घोडी (गाडी उचललेली धरायचा स्टँड) लावली, चाक काढलं, प्लग उघडला, बोट आत घालून खाली वाकवलं तर बोट कोरडं. मग बॉनेटमधून नरसाळं आणि नळी लावून तेल सोडत गेलो आणि काठावरून धार लागल्यावर थांबलो. ६०० मिली गेलं. सगळं पुस्तकाप्रमाणे.

चार दिवस मी हेच उगाळत होतो. फेस होतोय म्हणजे चुकीचं तेल गेलं का? बाटली तीनदा वाचली, ७५डब्ल्यू-८० (दाटपणा), जीएल-४ (तेलाचा दर्जा), मॅन्युअलमध्ये आहे तेच. ब्रीदर तुंबला का? फुंकून पाहिला, मोकळा. एका रात्री तर मी इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या) सीलपर्यंत पोचलो होतो, म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवण्यापर्यंत. झोप उडाली.

रविवारी सकाळी गाडीसमोर मुढ्यावर चहा घेऊन बसलो होतो. शेजारी गवंडी भिंतीचा थर लावण्याआधी लेव्हल घेत होते. हातात तीन सुताची पारदर्शक नळी, आत पाणी, पाण्यात निळीचे दोन थेंब. एक टोक पोऱ्याच्या हातात, दुसरं त्यांच्या. पोऱ्याने टोक जरा वर उचललं की इकडचं पाणी सरकायचं, मग ते ओरडायचे, "हलवू नको रे!" मी सहज विचारलं, एवढी मोठी पाणसळ आहे तुमच्याकडे, मग नळी कशाला? ते म्हणाले, "पाणसळ तिच्यापुरतं दाखवती, भाऊ. पाणी आख्ख्या भिंतीचं दाखवतं. भांडं तिरपं करा, पाणी आपलं सपाटच राहतं."

चहा हातातच राहिला.

डावं चाक जॅकवर. म्हणजे गाडी उजवीकडे कलती. माझ्या गाडीत गिअरबॉक्स डाव्या अंगाला आहे आणि फिलर प्लग त्याच्याही डाव्या टोकाला, चाकाच्या कमानीतून दिसतो तो. डावी बाजू वर गेली की आतलं तेल इंजिनाकडे सरकणार आणि प्लगच्या भोकाशी पातळी उतरणार. मी बोट घातलं ते नेमकं भांड्याच्या उचललेल्या टोकाला!

लगेच जॅक काढून त्याच उंचीवर डावी बाजू उचलली आणि मोबाईल उंबऱ्याच्या पट्टीवर आडवा ठेवला. ६ अंश. बॉक्सच्या मधोमधपासून प्लगपर्यंत टेपने १८ सेंमी. १८ गुणिले ६ अंशांचा टॅन, म्हणजे साधारण १.९ सेंमी. प्लगपाशी तेल जवळजवळ १९ मिमी खाली दिसत होतं आणि माझं वाकवलेलं बोट पोचतं फार तर १० मिमी. कोरडं लागेल नाहीतर काय? आणि मग मी त्या तिरप्या बॉक्समध्ये काठापर्यंत तेल ओतलं. गाडी खाली टेकवली तेव्हा प्लग घट्ट बसवलेला होता, म्हणून जास्तीचं तेल बाहेर यायला वाटच नव्हती. ती त्याने ब्रीदरमधून शोधली.

एवढं साधं गणित मला चार नोंदी सुचलं नाही. तुमच्यापैकी दोघांनी नोंद ३ नंतर 'गाडी सपाट होती ना?' असं विचारलं होतं आणि मी 'हो, पार्किंगची फरशी एकदम सपाट आहे' असं उत्तर दिलं होतं. फरशी सपाट होती हो, गाडी नव्हती. (खरं तर फरशीही नाही. नळी लावून पाहिली, जाळीकडे चांगला उतार आहे.)

पुढचा प्रश्न, गाडी चारही चाकांवर सपाट ठेवून प्लगपर्यंत हात पोचवायचा कसा? चाक पूर्ण उजवीकडे वळवून कमानीतून प्रयत्न केला. बोटं पोचतात, पाना फिरत नाही. चार घोड्या घ्यायचं ठरवलं होतं, ऑनलाइन टोपलीत टाकल्याही होत्या. पण आडगावच्या बाजूला एका ओळखीच्या ट्रक गॅरेजात गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा आहे हे आठवलं आणि घोड्या टोपलीतून काढल्या. शनिवारी दुपारी गाडी खड्ड्यावर.

खड्ड्यावरही आंधळा विश्वास नाही ठेवला. गवंडीकाकांची नळी मागून नेली होती. चारही जॅकिंग पॉइंटपाशी (जॅक लावायच्या जागांपाशी) पाण्याच्या रेघेपासून अंतर मोजलं. डावं-उजवं फरक ४ मिमी, पुढचं-मागचं १२ मिमी. एवढा फरक म्हणजे एका अंशाहूनही कमी, चालतंय. नळी वापरणार असाल तर एकच सांगतो, आतला बुडबुडा बोटाने टिचक्या मारून बाहेर काढा. माझं पहिलं माप एका बुडबुड्यापायी ३० मिमीने चुकलं होतं, आणि मी खड्ड्याच्याच नावाने खडे फोडायला लागलो होतो.

मग वाट पाहणं. गाडी चौदा किलोमीटर चालून आलेली, तेल गरम. दोन लिटर तेल ४० अंशांनी तापलं तर पन्नासेक मिली फुगतं, आणि मला या वेळी पन्नास मिलीचाही हिशेब हवा होता. दोन तास, तीन कटिंग. गॅरेजचे मिस्त्री मला बघून हसत होते. "आम्ही बोट घालतो, भाऊ. बोट ओलं, काम झालं." मी त्यांना बोटाची माझी कथा सांगितली नाही.

प्लग उघडला. शेवटचा आटा सुटायच्या आधीच तेल मनगटावरून कोपरापर्यंत. हातातला प्लग टबात पडला, मग धार लागली, जाड, सोनेरी, निवांत. हळूहळू धारेची दोरी झाली, दोरीचे थेंब झाले आणि थेंब थांबले. बोट घातलं, काठाशीच ओलं. बस्स! इतका आनंद मला गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशीही झाला नव्हता.

टबातलं तेल स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात ओतलं (भांडं आता घरात परत घेत नाहीत, नवं आणावं लागलं). ५५५ मिली. घातलं होतं ६००. राहिलेले ४५ म्हणजे फरशीवरचा डाग, आईची पावडर आणि माझी बाही. म्हणजे कारखान्याने काठोकाठ बरोबर भरून दिलं होतं. ज्या कोणी भरलं त्या माणसाची हात जोडून माफी.

मग दुसरा गिअर? जानेवारीत सकाळी पहिल्यावरून दुसऱ्यात टाकताना तो अडायचा, त्यावरूनच तर हे सगळं सुरू झालं. माझी वही काढून पाहिली. तक्रार लिहिली त्या आठवड्यात पार्किंगमधल्या थर्मामीटरवर सकाळचं ९, १०, ८. 'लोण्यासारखा' लिहिलं त्या आठवड्यात १६, १७. तेल घातलं म्हणून नाही, नाशिकची थंडी सरली म्हणून गिअर मऊ पडायला लागला! गार तेल घट्ट असतं, सिंक्रोच्या रिंगला (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) शाफ्टचा वेग जुळवायला वेळ लागतो, दोन-तीन किलोमीटरनंतर सुरळीत. पुढच्या डिसेंबरात पुन्हा अडेल आणि तेव्हा मी गप्प बसेन. निदान प्रयत्न करेन.

थोडं हत्यारांबद्दल, कारण नोंद ३ नंतर तेच जास्त विचारलं गेलं. माझा प्लग चौकोनी खाचेचा आहे. ऑनलाइन मागवलेली बिननावाची प्लग-की पहिल्याच जोरात जिलबीसारखी पिळली. शेवटी तीन अष्टमांश इंचाचा रॅचेटचा चौकोनच थेट खाचेत बसला, तो टापारियाचा. आमच्या सातपूरचा माल आहे म्हणून कौतुक करतोय असं समजा हवं तर, पण कोपरे अजून शाबूत आहेत. प्लग पहिल्यांदा हलत नव्हता तेव्हा पाईप लावून जोर काढण्याऐवजी बायकोचा हेअर ड्रायर भोवतालच्या अॅल्युमिनियमवर दहा मिनिटं धरला. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड सुटते. टक्क असा आवाज झाला आणि सुटला. पाईप लावला असता तर आटे गेले असते आणि मग ही नोंद मी रडत लिहिली असती.

वायसर दर वेळी नवा घ्या. पंधरा रुपयांसाठी जुना दाबून बसवू नका.

आणि बोल्ट नीट ओळखा. बॉक्सवर प्लगसारखे दिसणारे आणखीही असतात. रिव्हर्स आयडलरच्या (रिव्हर्सच्या मधल्या गिअरच्या) शाफ्टचा बोल्ट आणि डिटेंटची (गिअर जागेवर अडकवून धरणारी) स्प्रिंग-गोळी धरणारी टोपी, ही दोन्ही उघडलीत तर पुढची नोंद तुमची. ऑइल बदलायचंच असेल तर आधी फिलर उघडतोय का ते पाहा, मगच ड्रेनला (खालच्या तेल काढायच्या प्लगला) हात लावा. तेल काढून टाकलं आणि फिलर उघडेना म्हणजे गाडी जागेवरच. जीएल-५ 'जास्त भारी' म्हणून घालू नका. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त, ती पितळी सिंक्रोला मानवेलच असं नाही, शिवाय रिंगला जी थोडी घासण लागते तीही कमी होते. मॅन्युअलमध्ये आहे तेच घाला.

पुढचा बेत सरळ होता, ४०,००० ला तेल बदलायचं, तोवर हात लावायचा नाही. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलंय. गवंड्याची नळी गाडीच्या बाहेरच कशाला? ड्रेन प्लगच्या जागी भोक पाडलेला पितळी प्लग बसवायचा, त्याला पारदर्शक नळी जोडून फिलरच्या उंचीपर्यंत उभी करायची. आतली पातळी बाहेरच दिसेल, बोट घालायलाच नको. फक्त नळीचं वरचं टोक उघडं हवं आणि मोजून झाल्यावर नळी काढून पितळी प्लगच्या भोकाला लगेच बूच (मूळ प्लग परत बसवायला गेलो तर सगळं तेल सांडेल). चालत्या गाडीला नळी ठेवायची नाही, एका दगडाने सगळं तेल रस्त्यावर येईल. ४०,००० ला बॉक्स रिकामा होईलच, तेव्हा हे बसवून नवं तेल नळीकडे बघत बघत भरायचं. अंबडला एक लेथवाले आहेत, त्यांना उद्याच नमुना दाखवतो. माझ्या ड्रेनचे आटे एम१८ गुणिले १.५ (१८ मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) लागताहेत, पण आटे मोजायचं गेज नाहीये. कुणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी द्या, येऊन घेऊन जाईन.

नळी गवंडीकाकांना परत केली. आतून तेलाचा वास येतो म्हणाले, नवी आणून द्यावी लागली.