इथल्या सशांना जतची खबर कोण देतं?

दूरदूरच्या माळांवरचे ससे आणि तितर एकाच वर्षी कसे घटतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो सांगली जिल्ह्यातल्या आमच्या आटपाडीच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या आबांनी. २०१८ साली पावसानं दडी मारली होती आणि आबा नुकतेच जतच्या सोयऱ्यांकडं जाऊन आले होते. म्हणाले, "मास्तर, आपल्याकडं ससं दिसंनात, तितर वरडंनात. तिकडं जतला बी तीच गत. इथल्या सशाला तिथली खबर कोण देतंय?" तेव्हापासून विद्यार्थी विचारतात, माळावर फिरायला येणारे विचारतात. बहुतेकांच्या मनात संशय असतो : रोग आला असेल, नाहीतर शिकाऱ्यांची टोळी फिरली असेल.

आटपाडी आणि जत यांच्यात सरळ रेषेत ५० किलोमीटर तरी अंतर आहे. ससा काही तेवढं चालून निरोप द्यायला जात नाही. आबांना मी एवढंच म्हणालो, की उन्हाळ्यात तालुक्यातल्या विहिरी एकमेकींना सांगून आटतात का?

दोन्ही माळांवर जून कोरडा गेला. गवत उगवलं नाही, म्हणून नाकतोडे आणि अळ्या झाल्या नाहीत. तितराच्या पिल्लांना पहिले काही आठवडे किडेच लागतात. ते नसले की अंडी फुटूनही घरटं रिकामंच. सशिणीला हिरवं मिळालं नाही तर पिल्लं कमी होतात, झालेली जगत नाहीत आणि उघड्या माळावर लपायलाही जागा उरत नाही. हे इथंही झालं, तिथंही झालं. दुष्काळी तालुक्यांच्या सरकारी यादीत त्या वर्षी आटपाडी, जत आणि साताऱ्यातलं माण एकत्रच होते.

हे गणितात मांडलं पॅट्रिक मोरान या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञानं, १९५३ साली. त्याच्यासमोर कॅनडातल्या लिंक्स या रानमांजराचे आकडे होते. हडसन्स बे कंपनी कातडी विकत घ्यायची, त्यामुळे शंभरावर वर्षांच्या नोंदी आयत्या मिळाल्या. दूरदूरच्या प्रदेशांत लिंक्सची संख्या साधारण दर दहा वर्षांनी चढे आणि उतरे, आणि तीही जवळपास एकाच सुमारास. मोराननं दाखवलं, की दोन ठिकाणी वाढ-घटीची रीत सारखी असेल तर दोन्हीकडच्या हवामानात जेवढा मेळ, तेवढाच मेळ प्राण्यांच्या संख्येतही उमटतो. त्यासाठी एकाही जनावरानं जागा बदलायची गरज नाही.

मला मात्र जास्त पटतं ते मेंढरांचं उदाहरण. आबांनाही तेच पटलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. त्यांतल्या हिर्टा आणि बोरेरे या दोन बेटांवर रानटी झालेली मेंढरं आहेत. मधे समुद्र, म्हणजे ये-जा नाही. लांडगा नाही, मेंढपाळही नाही. तरी दोन्हीकडचे कळप बऱ्याचदा एकाच वर्षी वाढतात आणि एकाच वर्षी मरतात. सामाईक आहे ते फक्त हवामान : हिवाळ्याच्या शेवटची वादळं आणि वसंतातली ऊब. आबा ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मालक नसलेली मेंढरं. कुणी पाला तोडून घालणार नाही."

हवामानाशिवाय आणखी दोन कारणं आहेत. शेजारशेजारच्या माळांत पोरगेली जनावरं ये-जा करतात, भरल्या जागेतून रित्या जागेत जातात, त्यामुळे दोन्ही जागा सारख्या होत जातात. आणि शिकारी फिरते असतात. हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी जिथं नाकतोडे जास्त तिथं जमतात, खाऊन संपलं की पुढच्या माळावर. पण ५० किलोमीटरवरचा मेळ मी तरी आधी पावसाच्याच खात्यावर लिहीन.

पाऊस बदलला की मेळही तुटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरानं सांगली शहर बुडालं होतं, आणि त्याच जिल्ह्यात आम्ही चारा छावणीत जनावरं बांधून आभाळाकडं बघत होतो. म्हणून जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या, भरपूर पावसाच्या चांदोलीच्या जंगलात काय झालं यावरून आमच्या माळाचं काही सांगता येत नाही.

यातूनच संशयाचंही उत्तर मिळतं. सगळ्या माणदेशातले तितर एकदम घटले तर आधी पावसाची वही उघडावी. पण शेजारचे माळ भरलेले असताना एकच माळ ओसाड पडला, तर तिथं जाऊन बघावं. फासे लागलेत का, वणवा लावला का, नांगर फिरला का. अशा एका माळावर मी स्वतः तारेचे फासे गोळा केलेत.

मला खरी काळजी आहे ती एकदम घटण्याची. एक माळ रिता झाला आणि दुसऱ्यावर चार जोड्या उरल्या, तर पुढच्या चांगल्या पावसात तिकडून पिल्लं येतात, माळ पुन्हा बोलू लागतो. सगळेच माळ एका वर्षी रिते झाले तर येणार कुठून? म्हणून वेगळं वागणारी प्रत्येक जागा मला मोलाची वाटते : ओढ्याकाठची घाणेरीची जाळी, कुणी न नांगरलेला खोलगट तुकडा, पाझरामुळे मे महिन्यातही हिरवा राहणारा बांध. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून असे हिरवे बांध वाढलेत, ते मी बघतोय. त्याच पाण्यामागं डाळिंबाच्या बागा येऊन गवताचा माळ नांगराखाली जातोय, तेही बघतोय. बागा लावणारे माझेच विद्यार्थी आहेत. त्यांना मी एकच मागणं मागतो, की ओढ्याकडची एक पट्टी सोडा. दोघांनी सोडली आहे.

छावण्या उठल्या त्या वर्षी परतीचा पाऊस बरा झाला. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी आबांनी मला हाक मारून ओढ्याच्या वळणावर नेलं आणि काठीनं जाळीकडं दाखवलं. आत तितराची मादी होती, मागं पाच पिल्लं. वरचा माळ अजून गप्पच होता. आबांनी मेंढरं तिथून वळवली आणि लांबच्या वाटेनं वर नेली.